खरकट्याला हात कोण लावणार?

गेल्या श्रावणातली सकाळ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी उभी होती आणि मी दूध घेऊन घराकडे परतत होतो. गाडीमागे काम करणाऱ्या मावशी एका काळ्या कॅरीबॅगची गाठ सोडवत होत्या. गाठ नखांना दाद देईना, तेव्हा त्यांनी बोट खुपसून पिशवी फाडली. आत आंबलेला भात होता, चहाचा चोथा होता, कांद्याची साले होती, लहान मुलाचा घाण झालेला डायपर होता आणि दाढीचे पाते होते. पात्याने त्यांच्या तर्जनीला चर्रकन चिरले. मावशींनी पदराची कड फाडून बोटाला गुंडाळली आणि पुढची पिशवी उचलली. फाटलेल्या पिशवीतून भातात बरबटलेले पोस्टाचे एक पाकीट रस्त्यावर पडले होते. त्यावर माझे नाव होते.

गावाला दोष द्यायच्या आधी माझ्या घराचा पंचनामा व्हायला हवा, म्हणून सुरुवात त्या पाकिटापासून केली. पस्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. मुलांकडून स्वच्छतेवर निबंध लिहून घेतले, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला दर 20 डिसेंबरला हातात खराटा धरला. घरातले खरकटे मात्र पिशवीत कोंबून, गाठ मारून दाराबाहेर ठेवले की माझा त्याच्याशी संबंध संपला, असेच मी मानत आलो. ते पाते मीच टाकले होते. डायपर माझ्या नातवाचा होता. ती पिशवी पुढे कुणीतरी उघडणार आहे, ते कुणीतरी माणूस आहे, हा विचार पस्तीस वर्षांत एकदाही माझ्या मनाला शिवला नाही. आमच्या मुरुम गावातल्या कुठल्याही गल्लीत जा. नोकरदाराच्या घरी जा, आडत्याच्या घरी जा, बागायतदाराच्या वाड्यावर जा, ज्याच्या कपाटात पुस्तके आहेत त्याच्या घरी तर आधी जा. दाराबाहेर तशीच गाठ मारलेली पिशवी दिसेल.

दिवाळीला पुण्याहून मुलगा-सून आले. सुनेने येताना हिरव्या पिशव्यांचा एक रोल आणला होता. "बाबा, या कंपोस्टेबल आहेत. मक्याच्या स्टार्चपासून करतात. ओला कचरा यातच भरायचा, पिशवीसकट खत होतं." मला हायसे वाटले. बादलीला पिशवी लावायची, भरली की गाठ मारायची, गाडीत द्यायची. डोक्यावरचे ओझे उतरले असे वाटले. पंधरा दिवसांनी मावशींनीच मला अडवले. "सर, ही पिशवी कुठली वो? उचलली की बुडातनं फाटायली. समदा रस्सा अंगावर आला काल." मी खाली पाहिले. त्यांच्या साडीवर माझ्या घरच्या आमटीचे डाग होते. आणि ती पर्यावरणाची काळजी घेणारी माझी हिरवी पिशवी गाडीत इतर काळ्या-पांढऱ्या पिशव्यांच्या ढिगावर पडली होती. जिथे त्या जाणार तिथेच तीही जाणार होती.

उरलेल्यातली एक पिशवी मी परसात पेरूच्या झाडाखाली पुरली, आतल्या ओल्या कचऱ्यासकट. शिवरात्र उलटल्यावर खणून पाहिले. भाजीच्या देठांची, सालांची, शिळ्या भाकरीची काळी भुसभुशीत माती झाली होती, तिच्यात गांडुळे वळवळत होती. पिशवीच्या चिंध्या मात्र होत्या तिथेच होत्या आणि तिच्यावरची हिरवी अक्षरे अजून वाचता येत होती.

यात पिशवी बनवणाऱ्याने फसवले असे नाही. मी वाचायचे ते वाचले नव्हते. आपल्याकडे अशा पिशव्यांसाठी आयएस 17088 हे मानक आहे. त्याची चाचणी 58 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या कंपोस्टमध्ये होते. तिथे 180 दिवसांच्या आत पिशवीतल्या कार्बनपैकी 90 टक्के कार्बनचा वायू व्हावा लागतो. एवढी उष्णता मोठ्या प्रकल्पातल्या ढिगात, वेळच्या वेळी खालीवर केलेल्या, ओल राखलेल्या ढिगात मिळते. परसातल्या दोन फुटी खड्ड्याला ती मिळत नाही. गटारात मिळत नाही, आपल्या बेन्नीतुरेच्या पात्रात तर नाहीच नाही. पहिल्या मोठ्या पावसात गावातल्या नाल्यांनी जे वाहते ते बेन्नीतुरेत उतरते, बेन्नीतुरा कर्नाटकात शिरून कागिण्याला मिळते, कागिणा भीमेला. पंढरीहून आलेल्या त्या भीमेला आपण चंद्रभागा म्हणून हात जोडतो. आपल्या घरातली पिशवी, हिरवी असो की काळी, त्याच वाटेने निघते.

कंपोस्टेबल पिशवी उपयोगी पडते, पण ती एका साखळीतली कडी आहे. इटलीतल्या मिलान शहराने 2012 पासून घराघरांतून स्वयंपाकघरातला कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. घरोघर जाळीदार छोट्या बादल्या दिल्या, त्यात कंपोस्टेबल पिशवी लावायची. 2011 पासून त्या देशात दुकानातली साधी प्लास्टिकची पिशवी बंद आहे, म्हणून बाजारातून आलेली पिशवीच पुढे कचऱ्याची पिशवी होते. तो कचरा नेणारी गाडी वेगळी, आणि तो जिरवून वायू व खत करणारा प्रकल्प तयार. म्हणून तिथे पिशवीचा उपयोग झाला. आपल्याकडे बादली नाही, वेगळे करणे नाही, वेगळी वाट नाही. आहे ती फक्त पिशवी. साखळीतली एक कडी विकत आणून आपण साखळी पूर्ण झाल्याचे समाधान मिळवतो. आणि हे समाधान साध्या कॅरीबॅगपेक्षा घातक आहे. काळी पिशवी टाकताना निदान कुठेतरी टोचत तरी होते.

बाजारात तर यापुढचा गोंधळ आहे. हिरवे पान छापलेली, "बायो" असा शब्द लिहिलेली कुठलीही पिशवी आपण डोळे मिटून घेतो. खऱ्या पिशवीवर "कंपोस्टेबल" असे लिहिलेले असते, आयएस 17088 चा उल्लेख असतो, उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. हे नसेल तर ती साधी प्लास्टिकची पिशवी समजावी. कायदा या बाबतीत अपुरा आहे असे मला वाटत नाही. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली तेव्हा गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांकडे सगळ्या राज्याचे लक्ष गेले. 23 मार्च 2018 ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. दंड पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि 3 महिने कैद. त्यातही कंपोस्टेबल पिशवीला मुभा ठेवली ती रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणी अशा कामांपुरती, भाजी-किराणा बांधून देण्यासाठी नव्हे. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली, डिसेंबर 2022 अखेरीपासून 120 मायक्रॉनखालची प्लास्टिकची कॅरीबॅगही गेली. एवढे सगळे असताना आठवडी बाजारात पाव किलो हिरव्या मिरच्यांसाठी आपण भाजीवाल्या बाईला म्हणतो, "कॅरीबॅग नाही? मग राहू दे." ती बिचारी गिऱ्हाईक तुटण्याच्या भीतीने पिशव्या लपवून ठेवते. धाड पडली तर दंड तिला होतो. घरून कापडी पिशवी न नेणाऱ्या माझ्यासारख्या पेन्शनवाल्याला कुणी दंड करत नाही. गुन्हा मात्र माझा आहे.

प्लास्टिक हा या दुखण्याचा वरचा पापुद्रा आहे. खाली काय आहे ते उघडून पाहिले पाहिजे.

ताटावर बसताना आपण अन्नाला देव म्हणतो, पहिला घास बाजूला काढतो. तेच अन्न ताटातून उठले की खरकटे होते, आणि खरकट्याला हात लावणे हे आपल्या लेखी हलके काम. घरात ते बाईने करायचे, घराबाहेर ते एका ठरावीक वस्तीतल्या माणसाने करायचे. शिकलेल्या, कमावत्या पुरुषाने आयुष्यात एकदाही मोरीची जाळी साफ केलेली नसते आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. गाठ मारलेली पिशवी हे आपल्या विटाळाचे नवे सोवळे आहे. बोटाला काही लागू नये, डोळ्याला काही दिसू नये, नाकाला वास येऊ नये. पिशवीच्या अलीकडे आपण शुद्ध, पलीकडे जो गाठ सोडवील तो अशुद्ध. अस्पृश्यता घटनेने बंद केली असे आम्ही नागरिकशास्त्रात शिकवले. ती दाराबाहेरच्या त्या गाठीत रोज सकाळी मी स्वतः बांधत होतो, हे मला त्या पाकिटाने दाखवले.

आणि हे घडते कुठे? बसवण्णांच्या वाटेवरच्या मुलखात. बसवकल्याण आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. बाराव्या शतकात तिथे मडिवाळ माचय्या परीट आणि हरळय्या चर्मकार हे मंत्री असलेल्या बसवण्णांच्या मांडीला मांडी लावून बसले. कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच पूजा असे ज्यांनी शिकवले त्यांच्या मिरवणुकीत आपण दरवर्षी नाचतो. मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडलेले द्रोण, पाण्याचे पाऊच आणि सांडलेला प्रसाद दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गोळा करतात. आपले कायक आपण त्यांच्यावर ढकलले आहे.

अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवी होती. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करायचे काम एका जातीच्या कैद्यांवर लादले जाते, ते मला करू द्या, अशी त्यांची मागणी होती. सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्याच वर्षी डिसेंबरात उपवास सुरू केला. सफाईचे काम करायला मिळावे म्हणून उपास करणारा ब्राह्मण या महाराष्ट्रात होऊन गेला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचे आणि कचऱ्याचे खत करून दाखवले. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. आपल्या घरची आपण खाल्लेल्या भाजीची देठे तेवढी वेगळ्या बादलीत टाकायची आहेत.

माझ्या आजीच्या काळी आमच्या घरात कचरा हा शब्दच फार कमी वेळा निघत असे. उकिरडा होता. शेण, राख, गोठ्यातली गवताची उरलीसुरली काडी, भाजीची साले, सगळे तिथे जाई. शिळी भाकरी जनावराला, चुलीची राख भांड्याला. दिवाळीत उकिरड्यावरही एक पणती लागायची, आणि ती लावायला आजी स्वतः जायची. मृगाच्या आधी उकिरडा उपसून गाडीने शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असे आपण म्हणतो; खरे तर दरवर्षी तो आपले पांग फेडत होता. आता आपण ते सगळे पिशवीत बांधून गावाबाहेर टाकतो आणि युरियाच्या गोणीसाठी दुकानासमोर रांग लावतो. माती परीक्षणाचा कागद आणला की त्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली आलेला दिसतो. तोंड पाडून आपण म्हणतो, जमिनीत आता राम राहिला नाही. जमिनीचा घास आपणच पिशवीत बांधून फेकला. पिशवीत बंद होऊन, हवा न मिळता जे सडते त्यातून मिथेन निघतो, तो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तीव्र आहे. मुंबईत देवनारचा कचऱ्याचा डोंगर जानेवारी 2016 मध्ये पेटला तेव्हा त्याचा धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला.

गाईचेही सांगितले पाहिजे. आपल्या भागात देवणी गाईचा केवढा अभिमान. बाजार उठल्यावर ओट्यामागे जाऊन पाहा. मागच्या महिन्यात मी तिथे उभा राहून पाहिले. एका गाईने गाठ मारलेली पिशवी तोंडात धरली, दोन-तीनदा झटकली. आतल्या कोथिंबिरीचा वास तिला येत होता, पण गाठ सोडवायला तिला हात नाहीत. शेवटी तिने पिशवी अख्खी गिळली. गिळताना तिची मान लांब ताणली गेली, डोळे मोठे झाले, मग ती शांतपणे पुढच्या पिशवीकडे वळली. अशा गाईंच्या पोटातून शस्त्रक्रियेने तीस-चाळीस किलो प्लास्टिकचा गोळा काढल्याची उदाहरणे देशभर आहेत. पोट भरल्यासारखे दिसते, गाय वाळत जाते. गाईच्या नावाने भांडायला आपण कायम तयार असतो. तिच्या पोटात कोंबलेली पिशवी आपण बांधलेली असते.

लग्नसराईचे तर विचारू नका. मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराला उभे राहा. मांडवात प्रतिष्ठेसाठी दहा-बारा पदार्थ, पंगतीत निम्मे ताट तसेच. जिलेबी, मठ्ठा, भात, वांग्याची भाजी, त्यात कागदी रुमाल, प्लास्टिकचे चमचे, पाण्याच्या बाटल्या, असे सगळे एकत्र मोठाल्या काळ्या पिशव्यांत जाते. एकदा असे मिसळले की त्याचे ना खत होते, ना भंगार विकता येते. ज्याने लग्नाला दहा लाख खर्च केले त्याने ओल्याची एक टाकी आणि कोरड्याची एक टाकी वेगळी ठेवायला दोन माणसे का लावू नयेत? वधूपित्याला याचे कर्ज होते हे मला माहीत आहे. पण कचरा वेगळा ठेवायला कर्ज लागत नाही, वरपक्षाचा एक शब्द पुरतो, आणि तो शब्द उच्चारायला आपल्याला लाज वाटते.

कचरा वेगळा करणे जमत नाही, आपल्या गावात नाही चालणार, असे मला सगळे सांगतात. वेंगुर्ले हे सिंधुदुर्गातले आपल्यासारखेच छोटे नगरपरिषदेचे गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नागरिकांनी घरातूनच कचरा वेगळा द्यायला सुरुवात केली. ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात. जिथे कचरा डेपोची दुर्गंधी होती तिथे लोक सहलीला येऊ लागले. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी संघटित होऊन ओळखपत्र मिळवले, पुढे "स्वच्छ" ही स्वतःची सहकारी संस्था काढून घरोघर कचरा गोळा करण्याचे काम घेतले. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या, म्हणजे आमच्या हाताला कळेल, असे त्यांनी शहराला सांगितले. सुशिक्षित पुण्याला एवढी साधी गोष्ट कचरा वेचणाऱ्या बायांनी शिकवावी लागली.

आपले तर पुण्याहून सोपे आहे. इथे फ्लॅट थोडे, परस जास्त, आणि ज्याला परस नाही त्याचे शेत गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. श्रीपाद दाभोळकरांनी कोल्हापुरात बसून प्रयोग परिवाराच्या माणसांना हेच सांगितले: तुमच्या घरातून आणि परसातून निघणारे जे जे कुजते ते तुमच्या मातीचे धन आहे. बुडाला भोके पाडलेली जुनी बादली घ्या. खाली उसाचे पाचट किंवा तुराट्यांचा भुगा, वर दिवसाचे खरकटे, पुन्हा वर पाचट. अधूनमधून ताकाची कवडी किंवा शेणकाल्याचा शिडकावा. वास येत नाही, माश्या होत नाहीत, अडीच-तीन महिन्यांत खत. कारखान्याच्या हंगामात आपण बांधाबांधाने पाचट पेटवून देतो. त्यातले दोन भारे घरी आणले तर वर्षभर पुरतील. या बादलीला कुठलीही पिशवी लागत नाही. घरी आजारी माणूस आहे, वरच्या मजल्यावर भाड्याने राहता, बादली धुवायला पाणी नाही, हॉटेल आहे, तर कंपोस्टेबल पिशवी जरूर वापरा. पण गाठ सैल मारा, रस निथळून घ्या, आणि तो कचरा खताच्या ढिगावरच जातो याची स्वतः खात्री करा. ती खात्री करायची नसेल तर त्या पिशवीवर खर्च करू नका. तेवढ्या पैशात मावशींसाठी एक जोडी चांगले हातमोजे येतात.

माघात मी मावशींच्या घरी गेलो. पात्याबद्दल माफी मागायची होती. बोलायला सुरुवात केली तशा त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या एकट्याच्या घरचं हाय व्हय? समद्या गावाचं असंच हाय. आमाला सवं झाली आता." तर्जनीवरचा व्रण त्यांनी दाखवला नाही, मीच पाहिला. त्या सवयीचा मला जन्मभर त्रास होणार आहे, आणि तो तुम्हालाही व्हावा म्हणून मी लिहितो आहे.

मुरुमकर बंधू-भगिनींनो, उद्या सकाळी घंटागाडी येईल. पाते जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर लाल खूण करा. ओले आणि कोरडे दोन बादल्यांत घ्या. घरातल्या कर्त्या पुरुषाने त्या स्वतः उचलून बाहेर यावे आणि गाडीत स्वतःच्या हाताने रिकाम्या कराव्यात.